उत्तराचे बारा दिवस

माझ्या थोरल्याला एक घास तोंडात घालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तो दोनदा मेल बघतो. एकदा घास उचलताना, एकदा चावताना. गिळतानाही बघत असेल, पण ते मला दिसत नाही, कारण तोवर मी रागाने मान फिरवलेली असते. ताटाच्या उजव्या अंगाला पाण्याचा पेला आणि डाव्या अंगाला फोन. पेला एकदा रिकामा झाला की जेवण संपेपर्यंत रिकामाच. फोन मात्र कधी पालथा पडलेला पाहिला नाही. अंगठ्याने काच खाली ओढायची आणि सोडायची, ओढायची आणि सोडायची. नवीन आलं नसलं तरी ओढायची. विहिरीला पाणी नाही हे ठाऊक असून पोहरा सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी त्याला तारमास्तर म्हणते. जहाजांवरून माल पाठवणाऱ्या कंपनीत तो कामाला आहे. कुठली पेटी कुठल्या बंदरात उतरली, कुठली अडकली, हे सगळं त्याला मेलवर कळतं. जगात कुठे ना कुठे दिवस उजाडलेलाच असतो, त्यामुळे याचं ऑफिस मावळत नाही. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. मीही एकतीस वर्षं शर्टांच्या कॉलरी बसवल्या, त्यातली अकरा वर्षं चौदा बायकांचा कारखाना चालवला. याचे वडील लवकर गेले, तेव्हा दोन्ही पोरं मशीनच्या पायाशीच वाढली. पण मशीन चालू ठेवून मान वर करता येते आणि पोराला धपाटाही घालता येतो. चौथी शिकलेल्या बाईला जमलं ते या पदवीधराला जमेना.

मेल बघताना आपण त्याच्याशी बोललो तर तो 'हं' म्हणतो. हा 'हं' फार फसवा. ऐकल्यासारखा वाटतो, कबूल केल्यासारखा वाटतो, आणि आत काही नसतं. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "अरे, समोरचे निवृत्त इंजीन ड्रायव्हर तुझ्या आईला मागणी घालतायत."

"हं."

"मी हो म्हणू?"

"बघू. शनिवारी बोलू."

सून भांडी पुसत होती, ती एवढी हसली की तिला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. मग म्हणाली, "आई, तुमचं नशीब मोठं. मला तीन वर्षांत एवढं लांब उत्तर मिळालेलं नाही."

सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर लोकांच्या रक्तातलं काय काय बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन ठमीचा अभ्यास घ्यायची. ठमी म्हणजे माझी नात, नऊ वर्षांची, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. माझं आणि सुनेचं सुरुवातीला पटायचं नाही. मी तिला सांडलवंड करणारी म्हणायचे, ती मला सुपरवायझर म्हणायची, तोंडावर. पण एका छपराखाली दोन बायका एकाच माणसाची वाट बघायला लागल्या की त्यांचं भांडण आपोआप मिटतं. तो समोर बसलेला असला तरी आम्ही वाटच बघत असायचो.

एका संध्याकाळी तिने जेवताना सांगितलं, की दुसऱ्या गावच्या इस्पितळात तिला प्रयोगशाळेची मुख्य म्हणून बोलावलंय. बसने सहा तासांचा रस्ता. राहायला दोन खोल्या, मुलीला तिथल्या शाळेत जागा. एवढं मोठं बोलावणं. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर चमचे खाली पडले असते.

"जाऊ का मी?" तिने विचारलं.

"हं."

"जाऊ की नको?"

"बघू. जरा हे एक संपू दे."

ते एक संपलं नाही. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी तर त्याच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं. त्याने तिच्या हातावर थोपटलं, डोळे फोनवर ठेवून. कुत्र्याला थोपटतात तसं. मी दारातून पाहिलं, आणि माझ्याच पोटच्या गोळ्याची मला लाज वाटली.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ती मला म्हणाली, "आई, मी त्याला मेल केलंय."

"एका घरात राहून नवऱ्याला पत्र?"

"तो राहतो तिथे पाठवलं," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी मला इस्पितळाला कळवायचंय. त्यात तसं लिहिलंय. थांब म्हणाला तर थांबीन. जा म्हणाला, तर जाईन आणि दर सुट्टीला येईन. काहीच बोलला नाही, तर मी ठमीला घेऊन जाते, आणि मग परत यायचं कारण उरणार नाही."

"मी सांगू त्याला? कान धरून वाचायला लावते."

"नाही." ती एकदम ताठ झाली. "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आठवण करून देऊन मिळालेलं उत्तर मला नको."

मला ते पटलं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. आमच्या दोघींत तेवढं एक सारखं होतं, मान मोडली तरी वाकायची नाही. आता वाटतं, दोघींतली एक तरी मऊ असायला हवी होती.

सोमवार ते पुढचा शुक्रवार, बारा दिवस. त्या बारा दिवसांत आम्ही दोघींनी त्याचा चेहरा जेवढा वाचला, तेवढा त्याच्या जन्मापासून कुणी वाचला नसेल. त्याने फोन काढला की सून हातातलं काम थांबवायची. तो वाचायला लागला की मी चष्म्यावरून बघायचे. भुवया वर गेल्या, खाली आल्या, ओठ आवळले, यातलं कुठलं आपल्यासाठी? तिसऱ्या दिवशी जेवता जेवता वाचताना त्याचा चेहरा उतरला. तसाच उठला, गच्चीत गेला, येरझाऱ्या घालू लागला. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत चक्क आनंद होता. नवऱ्याला त्रास झालेला बघून आनंद! कारण त्रास झाला म्हणजे पोहोचलं. दहा मिनिटांनी तो आत आला, केसांतून हात फिरवत म्हणाला, "एक अख्खा कंटेनर चुकीच्या बंदरात उतरवलाय मूर्खांनी."

सुनेने त्याचं गार झालेलं ताट उचललं आणि गरम करायला नेलं.

आठव्या दिवशी त्याने फोनवरून मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात जागीच राहिले.

"अगं," तो म्हणाला, "आज नेट एवढं मंद का चाललंय?"

मी शब्द दिला होता, पण दहाव्या दिवशी माझ्या जिभेला राहवेना. सून आंघोळीला गेली होती. मी आडून आडून म्हटलं, "काय रे तारमास्तर, कुणाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय का तुझं?"

तो हसला. खूप दिवसांनी माझ्याकडे बघून हसला. "आई, माझं एकही मेल उत्तराशिवाय राहत नाही. ऑफिसात त्याबद्दल मला कप दिलाय." आणि उठून खरंच कप आणून दाखवला. पांढरा, कॉफीचा, त्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव.

तिथेच मी घोटाळा केला. मला वाटलं, म्हणजे याने वाचलंय. वाचलंय, आणि गप्प आहे. बायको जातेय, पोर जातेय, आणि हा कप दाखवतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घटकेला मी त्याला बकोटीला धरून विचारलं असतं, तर आज ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मी विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन डबे आदळले. सून ओल्या केसांनी आली तेव्हा तिला म्हटलं, "जा तू. याच्याकडून काही येणार नाही."

शुक्रवारी दुपारी तिने इस्पितळाला होकार कळवला. हळू आवाजात बोलली, फोन ठेवला आणि पंख्याकडे बघत बसली.

त्यानंतर दहा दिवस सामानाची बांधाबांध चालली होती. कपाटं उघडी, पुस्तकं दोरीने बांधलेली, ठमीची खेळणी खोक्यात. शाळेचा दाखला आला, तो टीव्हीच्या मागे उभा करून ठेवला होता. तारमास्तर त्या खोक्यांना वळसा घालून ये-जा करायचा. एकदा अडखळला तेव्हा म्हणाला, "साफसफाई काढलीय वाटतं. बरं केलंत." आम्हाला वाटलं, नाटक करतोय. काय कसलेला नट आहे, असं मी सुनेला म्हटलंसुद्धा.

सोमवारी सकाळी टॅक्सी येणार होती. तो घरीच होता, खिडकीपाशी उभा राहून काहीतरी टाइप करत होता. सूनबाई दोन बॅगा घेऊन दाराशी उभी, ठमीच्या पाठीला दप्तर. ठमी जवळ गेली आणि म्हणाली, "बाबा, जातो आम्ही."

त्याने न बघता एक बोट वर केलं. "एक मिनिट हं, बेटा."

तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "थांब. एक मिनिट म्हणालाय ना, देऊ या." बूट घातलेल्या दोघी दाराशी उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर घड्याळ. मी तो मोठा काटा बघत होते. एक मिनिट झालं, चार झाली. ठमीने दप्तर खाली ठेवलं. सात झाली. खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला. अकरा झाली, तेव्हा सुनेने वाकून माझ्या गळ्याला मिठी मारली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

"येते, सुपरवायझर," ती म्हणाली.

मी ठमीचं दप्तर उचलून तिच्या पाठीला अडकवलं.

टॅक्सी कोपऱ्यावर वळली आणि मग हा बाहेर आला, फोन खिशात सरकवत. "गेल्या का? किती दिवस राहणार आहे माहेरी?"

मी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि भाजी निवडायला बसले. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी त्याच्याशी बोलले नाही, आणि मी बोलत नाही हेही त्याला कळलं नाही.

बुधवारी संध्याकाळी जेवायला बसला तेव्हा त्याने समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. "ठमीची शाळा बुडतेय," तो म्हणाला. "येणार कधी?"

"निर्लज्जपणालाही हद्द असते," मी म्हटलं. "बायकोचं पत्र वाचून ढेकर दिलास, आता मलाच विचारतोस?"

"कुठलं पत्र?"

"तिने मेल केलेलं. तीन आठवडे झाले."

"आई, मला तिचं काही आलेलं नाही. आलं असतं तर मी बघितलंच असतं ना?"

आणि तो खरं बोलत होता. आई आहे मी, खोटं बोलताना त्याच्या कानाची पाळी लाल होते, ती झाली नव्हती. तो फोन घेऊन शोधायला लागला. अंगठा वर, खाली, वर. मग थांबला.

"काय झालं?"

"घरच्या खणात गेलंय," तो म्हणाला.

मग त्याने मला समजावलं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात मोठ्या साहेबांची बैठक होती, याच्या फोनवरचं सगळं भिंतीवर मोठं दिसत होतं, आणि नेमकं तेव्हाच घरून मेल आलं. ठमीचा दात पडला होता. त्याचा फोटो, तळहातावर ठेवलेला रक्ताळलेला दात, भिंतीएवढा. सगळे हसले. त्या दिवशी याने फोनला नियम घालून दिला. घरून आलेलं काहीही वाजायचं नाही, दिसायचं नाही, वेगळ्या खणात जाऊन पडायचं. त्या खणाला नावही दिलं, 'घर'. रविवारी निवांत वाचू, असं ठरवलं होतं.

"मग?"

"विसरलो."

त्याने खण उघडला. दोनशेच्या वर न उघडलेली पत्रं होती. शाळेची, विजेच्या बिलाची, आणि बाकी सगळी सुनेची आणि ठमीची. ठमी आईच्या फोनवरून पाठवायची. चित्रं, पाढे, गॅदरिंगच्या नाचाची वेळ. एकात काहीच नव्हतं, नुसतं 'बाबा, वर बघ.' त्यावरची वेळ जेवणाची होती. समोर बसून पाठवलेलं होतं ते.

"तिचं वाच," मी म्हटलं. "मोठ्याने."

त्याने वाचलं. छोटंच होतं.

'तीनदा विचारलं, पण तुझ्यापर्यंत पोहोचलं असं वाटलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मला नोकरीची एवढी हौस नाही. मला फक्त कुणीतरी थांब म्हणावं असं वाटतंय. नसेल म्हणायचं तर जा म्हण, मला त्याचंही वाईट वाटणार नाही. पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत वाट बघते. लांब लिहू नकोस. एक शब्द पुरे.'

मग मला वाटलं नव्हतं ते झालं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसायला लागलं. "म्हणजे तिला वाटतंय मी वाचलं! आई, मी वाचलंच नव्हतं! आत्ता सांगतो तिला, सगळं मिटेल." त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"अगं, मी तुझं मेल पाहिलंच नव्हतं. शपथेवर सांगतो. वेगळ्या खणात गेलं होतं. आत्ता, या मिनिटाला वाचलं."

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो बंद झाला.

"पाहिलंच नव्हतंस," सून म्हणाली.

"नाही! मी कसा गप्प बसेन?"

"मी बारा दिवस तुझा चेहरा बघत होते रे," ती म्हणाली. चिडून नाही. एखाद्याला त्याच्या रक्ताचा अहवाल सांगावा तशी. "प्रत्येक वेळी वाटायचं, आता हा मनातल्या मनात काहीतरी ठरवतोय. बरं झालं सांगितलंस. थांब, ठमीला देते."

ठमी आली आणि सुटलीच. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, बाईंचा आवाज जाड आहे, बाकावर शेजारी बसलेली मुलगी डावखुरी आहे म्हणून दोघींची कोपरं भांडतात. तो ऐकत होता. डोळे भरले होते त्याचे, हे मी लिहायलाच हवं, उगीच अन्याय नको. तेवढ्यात फोन हातात थरथरला. त्याने तो तोंडापासून जरा दूर धरला, काचेवर एक नजर टाकली आणि पुन्हा जवळ आणला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण पलीकडे ठमी वाक्याच्या मध्येच थांबली.

"बाबा, मी ठेवते," ती म्हणाली. "तुझं काम चालू आहे."

"नाही नाही, बोल ना बेटा!"

पण फोन ठेवला गेला होता. त्याने परत लावला. कुणी उचलला नाही. तो माझ्याकडे वळला, लहानपणी सुई टोचून घेऊन यायचा तसा चेहरा करून.

"आई, तू लाव. तुझं ऐकते ती. तू सांग तिला, मी मुद्दाम केलं नाही. तू साक्षीला आहेस. मी वाचलंच नव्हतं, एवढं तरी सांग."

मी त्याच्या हातातून तो फोन घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि त्याच्यासमोर बसले.

"नाही सांगणार. बारा दिवस मी तोंड शिवून बसले, माझ्या ताठ्यापायी. ते माझं पाप, ते मी भोगीन, त्यात तुला वाटेकरी करत नाही. पण तुझं तू ऐक. तू वाचून गप्प बसलास असं वाटत होतं ना, तोवर आम्ही दोघी तुला पोटभर शिव्या देत होतो. शिवी द्यायलाही समोर कुणीतरी लागतं. ती गेली ती एका निष्ठुर नवऱ्यावर रागावून गेली. तो राग उतरला असता. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, कधीतरी उतरला असता आणि ती आली असती. आज तू तिला सांगितलंस की निष्ठुर नवरासुद्धा नव्हता तिथे. आता ती कुणावर रागावणार आणि कुणाकडे परत येणार? तू वाईट नाहीस, लेका. वाईट असतास तर मी तुला सरळ केलं असतं, तेवढा जोर अजून आहे माझ्या हातात. तू या घरात नाहीस. आणि जो घरातच नाही, त्याच्यासाठी मी माझ्या सुनेला 'परत ये' म्हणणार नाही."